काटेवाल्यांच्या गाडीचे टवके

गल्लीत त्यांना सगळे काटेवाले म्हणत. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. वाण्यापासून सोनारापर्यंत जिथे म्हणून काही तोललं जातं, तिथे त्यांचं जाणं होतं. काटा केसभर जरी एका बाजूला झुकला, तरी ते त्यांच्या जिवाला लागायचं. जेवायला बसल्यावरसुद्धा ताट टेबलाच्या कडेला सरळ आहे ना हे आधी बघायचे आणि नसलं तर बोटाने हळूच सरकवायचे. बायको म्हणायची, "ताट सरळ झालं असेल तर आता जेवा."

बायको घरी पडदे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन होतं आणि बाजूच्या भिंतीवर रिळांची लांबलचक फळी. कुणाकडे मापं घ्यायला जायचं असलं की काटेवाले तिला गाडीने सोडत, आणि ती आत मापं घेत असताना बाहेर गाडीची काच पुसत उभे राहत.

गाडी दुसऱ्या हाताची, पण नीट राखलेली. रंग गर्द हिरवा. तो तिनेच पसंत केला होता. विकणाऱ्याच्या अंगणात दोन-तीन गाड्या उभ्या होत्या, तेव्हा काटेवाल्यांनी इंजिन ऐकलं, दारं उघडमिट करून पाहिली, गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आतलं सगळं मी बघितलंय. वरचं तू बघ." तिला वाटलं, नवऱ्याने आपला मान ठेवला.

समोर राहणारे मास्तर ड्रायव्हिंग शिकवायचे. त्यांची गाडी त्याच बनावटीची, पण कॉफीच्या रंगाची. एकदा बाजारात काटेवाले सरळ मास्तरांच्या गाडीशी जाऊन कुलपात किल्ली फिरवत बसले होते. तिने हाक मारून बोलावलं तर म्हणाले, "एकाच रंगाच्या दोन गाड्या एका गल्लीत असल्या की असं होणारच." तिला ती थट्टाच वाटली. नवरा तोंडावरची रेषही न हलवता थट्टा करायचा, त्यामुळे ती कधी केली आणि कधी नाही हे ओळखणं अवघड होतं.

मग घाऊक बाजाराचा रस्ता रुंद करायला काढला. खडीचे डंपर दिवसभर जा-ये करू लागले. काटेवाल्यांना आठवड्यातून तीनदा तरी तिकडे जावंच लागे. पुढच्या डंपरमधून खडा उडायचा आणि बॉनेटवर टण्णकन आवाज व्हायचा. महिन्याभरात बॉनेटची अवस्था देवीचे व्रण आल्यासारखी झाली. जिथे जिथे रंगाचा टवका उडाला तिथे आधी पत्रा चमकायचा, मग काही दिवसांनी त्यावर गंज धरायला लागायचा.

गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि अख्खं बॉनेट रंगवावं लागेल, गाडी आठवडाभर ठेवून जा, असं सांगितलं. काटेवाले घरी आले ते तोंड पाडून.

"एवढ्याशा टवक्यांसाठी अख्खं बॉनेट?" ते म्हणाले. "उद्या एक दाढ किडली तर हा माणूस जबडा बदलायला सांगेल."

"मग काय करणार?"

"मी करतो. गुंजेचा फरक काढतो मी, एक टवका भरता येणार नाही?"

दाराच्या चौकटीत गाडीच्या रंगाचा नंबर कोरलेला असतो. तो उतरवून ते रंगाच्या दुकानात गेले. मास्तरांच्याही गाडीच्या दाराला दोन-चार टवके गेले होते. त्यांनी आपला नंबर देऊन ठेवला, "आणताच आहात तर माझाही आणा." दुकानदाराने रंग तोलून मिसळून दोन छोट्या बाटल्या भरल्या आणि दोन्हींवर कागद चिकटवून पेनाने नंबर लिहिले. त्याचा काटा जरा जड होता, तोही काटेवाल्यांनी उभ्या उभ्या ठीक करून दिला.

रविवारी सकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. तिचं मशीन बंद होतं, म्हणून ती मधूनमधून डोकावत होती. आधी त्यांनी बॉनेट साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं. वाळल्यावर मेणाचा अंश राहू नये म्हणून स्पिरिटच्या फडक्याने पुसलं. मग ब्लेडच्या टोकाने एकेका टवक्यातला गंज असा खरवडला की आजूबाजूच्या रंगाला धक्का लागू नये. प्रत्येक खड्ड्यात टूथपिकने अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, करडा थेंब सोडला. बॉनेटभर करडे ठिपके झाले.

"आता हे वाळायला हवं," ते म्हणाले. "घाई केली की आतला थर ओला राहतो आणि वरचा फुगतो."

दुपारनंतर ते रंगाला लागले. तिला पडद्याच्या एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, ती बसने गेली. पुढचे दोन-तीन दिवस कामावरून आले की हातपाय धुऊन ते थेट शेडमध्ये जात आणि रंगाचा आणखी एक पातळ थर देऊन येत. तिला म्हणत, "पुरं होईपर्यंत येऊ नकोस. अर्धवट काम बघितलं की माणसाचं मत वाईट होतं." थर आजूबाजूच्या रंगापेक्षा जरासा वर येईपर्यंत भरायचा, त्यावर पारदर्शक लॅकर, मग पाण्यात भिजवलेल्या अगदी मऊ पॉलिश पेपरने तो वर आलेला भाग घासून सपाट करायचा आणि शेवटी पॉलिश. हे सगळं ते जेवताना तिला सांगत. तिने इतकं बोलताना त्यांना फारसं कधी पाहिलं नव्हतं.

काम झालं त्या संध्याकाळी त्यांनी तिला हाक मारली. ती चहाचे कप घेऊन शेडमध्ये गेली. उतरतं ऊन बॉनेटवर पडलं होतं. हिरव्यागार बॉनेटभर तपकिरी ठिपके होते.

"हात फिरवून बघ," काटेवाले म्हणाले.

तिने कप खाली ठेवून हात फिरवला. पत्रा काचेसारखा लागत होता. कुठे उंचवटा नाही, खड्डा नाही.

"लागतंय काही?"

"नाही."

"डोळे मिटून फिरव. एकही सापडायचा नाही."

तिला वाटलं, करड्या अस्तरावर हे दुसरं अस्तर असेल. दारं-खिडक्यांना लावतात ते असंच तांबूस असतं. तिने विचारलं, "मग आता रंग कधी लावणार?"

काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे? झाला की लावून. चार थर दिलेत."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. थट्टा असेल तर आता तरी डोळ्यांत काही दिसेल असं तिला वाटलं. पण तिथे नुसतं समाधान होतं. काटा बरोबर मध्यावर थांबला की जे असायचं ते.

"छान झालंय," ती म्हणाली. कप तिथेच ठेवून ती आत आली आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसली.

थोड्या वेळाने काटेवाले आत आले तेव्हा तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अहो, ते शेवाळी रीळ देता का जरा?"

"कितवा नंबर?"

"नंबर नाही आठवत. शेवाळी."

ते फळीसमोर उभे राहिले. शेवाळी आणि चॉकलेटी रिळं शेजारीशेजारी होती. त्यांचा हात दोन्हींवरून गेला आणि परत आला. "तू नंबर सांगत जा बाई," ते म्हणाले, "नावांत काही खरं नसतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि नवरा कायम नंबर विचारतो याचं तिला कौतुकच वाटत आलं होतं. किती पद्धतशीर माणूस, असं ती बहिणींना सांगायची. आता तिला एकेक आठवायला लागलं. पिकलेल्यांबरोबर हिरवीकच्च फळं घेऊन यायचे आणि वर म्हणायचे, दाबून बघितलं की मी. तिने कुठलंही कापड पुढे धरून कसं दिसतं विचारलं की त्यावरून हात फिरवून म्हणायचे, "पोत चांगला आहे." यावरून ती कितीदा रुसली होती. एकदा तर दोन दिवस बोलली नव्हती.

सांगावं कसं या विचारात तिने ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मात्र तो प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी मास्तर बाटली हातात घेऊन फाटकातून आत आले. काटेवाले गाडी पुसत होते.

"काटेवाले, तुमच्याकडून गडबड झालेली दिसते," मास्तर हसत म्हणाले. "ही बाटली उघडली तर आत हिरवा रंग. नशीब, आधी झाकणावर लावून बघितला. नाहीतर माझ्या दाराला..."

तेवढ्यात त्यांचं लक्ष बॉनेटकडे गेलं आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. दारातून ती त्यांना डोळ्यांनी खुणावत होती, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

काटेवाल्यांनी बाटली घेतली, झाकण काढलं आणि ती बॉनेटशेजारी धरली. बराच वेळ ते एकदा बाटलीत बघत होते आणि एकदा बॉनेटवर.

"हा हिरवा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि हे ठिपके?"

मास्तर अवघडले. "ते... माझ्या गाडीचा रंग आहे तो. कॉफी."

"बरं," काटेवाले म्हणाले. फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं आणि घरात गेले. मास्तर तिला म्हणाले, "वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं हो." ती म्हणाली, "मला तरी कुठे माहीत होतं?"

आत काटेवाले खुर्चीत बसले होते. "तुला कळलं होतं," ते म्हणाले.

"काल कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हात फिरवायला सांगितलात. हाताला काही लागत नव्हतं. मी तेवढंच सांगितलं."

ते जरासे हसले. मग काय झालं ते त्यांनी सांगितलं. त्या रविवारी ती बाहेर गेल्यावर थिनर सांडलं. बशीत ठेवलेल्या दोन्ही बाटल्या भिजल्या आणि कागदावरचे नंबर पुसून गेले. त्यांनी दोन्हींचा एकेक थेंब काचेवर घेऊन बॉनेटशी धरून पाहिला. दोन्ही बरोबर जुळत होते. मास्तरांची गाडी आपल्याच रंगाची आहे हे त्यांना पहिल्यापासून पटलेलंच होतं, नंबर वेगळे ते गाडीच्या सालामुळे असं त्यांनी धरलं होतं, म्हणून त्यातली जी जरा दाट वाटली ती ठेवली आणि दुसरी मास्तरांना दिली.

"पण तुम्हाला इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही?"

"वाटायचं," ते म्हणाले. "पण मला वाटायचं, ते गाण्यातले राग ओळखण्यासारखं आहे. ज्यांचा कान तयार असतो ते झटकन नाव सांगतात, बाकीचे मान डोलावतात. तू पडद्यांतली, तुझा डोळा तयार. मी लोखंडातला. मला कशाला येईल?"

"आणि सिग्नल?"

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं." ते थांबले. "सगळे तसंच करतात ना?"

तिला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. ती उठून चहा करायला गेली.

पुढचे काही दिवस काटेवाले मधूनच एखादी वस्तू उचलून विचारत, "हा कोणता?" ती सांगायची. ते मान हलवून वस्तू होती तशी ठेवत. एकदा म्हणाले, "लोकांचे काटे खोटे म्हणून मी आयुष्यभर नावं ठेवली."

"तुमच्यात खोटं काय आहे?" ती म्हणाली. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

शेवटी तीच हात धुऊन मागे लागली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं असलेलं पुस्तक पुढे ठेवलं. ठिपक्यांत आकडे दडलेले होते. तिला ते लांबून, उलट्या बाजूनेसुद्धा दिसत होते. काटेवाले पान डोळ्यांजवळ नेत, लांब धरत, तिरकं करत, आणि म्हणत, "इथे काही लिहिलेलं नाही." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे जन्मापासूनचं आहे, आजार नाही, वाढणार नाही आणि जाणारही नाही. आईकडून मुलाकडे येतं. सख्खा भाऊ असेल तर त्यालाही असू शकतं.

परतताना गाडीत काटेवाले म्हणाले, "धाकट्याला विचारायला हवं."

धाकटा भाऊ दोन तासांच्या अंतरावरच्या गावी एका गोदामात कामाला होता. घरात त्याचं नाव झोपाळू. तरुणपणी रेल्वेत त्याची निवड झाली होती, फक्त शेवटची तपासणी राहिली होती. त्या दिवशी तो झोपून राहिला, गाडी चुकली आणि हातची नोकरी गेली. वडील, म्हणजे अण्णा, नंतर बरेच दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा ही गोष्ट तिला पहिल्या आठवड्यातच ऐकवण्यात आली होती, आणि नंतरही जमले की कुणी ना कुणी ती काढायचंच.

काटेवाल्यांनी फोन लावून टेबलावर ठेवला, म्हणजे तिलाही ऐकू यावं. इकडचं तिकडचं बोलणं त्यांना जमत नसे.

"तुला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसतात का रे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. 

"दादा, तुला कुणी सांगितलं?" धाकटा म्हणाला.

"कुणी काय सांगायचं? मलाच दिसत नाहीत. आज डॉक्टरने सांगितलं."

 मग धाकटा हळू आवाजात म्हणाला, "मला वाटायचं घरात मी एकटाच असा."

मग सगळं बाहेर आलं. तो झोपला वगैरे काही नव्हता. भल्या पहाटे उठून, इस्त्रीचे कपडे घालून तपासणीला गेला होता. तिथे त्याच्यापुढे असंच पुस्तक ठेवलं आणि दहा मिनिटांत त्याला बाहेर काढलं. दिवसभर तो स्टेशनच्या बाकावर बसून राहिला आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, झोप लागली, गाडी चुकली.

"अरे, पण खरं का नाही सांगितलंस?"

"आईने स्वतःला लावून घेतलं असतं. आणि डोळ्यांत दोष म्हटल्यावर लोक काय काय बोलले असते. त्यापेक्षा झोपाळू बरा. झोपाळू माणसाकडे कुणी कीव करून बघत नाही."

काटेवाले टेबलाकडे बघत होते. "मीही बोललो होतो तुला त्या दिवशी."

"बोलला होतास. बरंच."

"आपण एका खोलीत झोपायचो रे."

"हो ना," धाकटा म्हणाला आणि एकदम हसायला लागला. "आठवतं? अण्णांनी दोघांना वेगवेगळ्या रंगाचे स्वेटर आणले होते, भांडण नको म्हणून. आणि आपण रोज एकमेकांचेच घालून जायचो."

"मला वाटायचं, तू मुद्दाम घालतोस."

"मला वाटायचं, तू."

आता काटेवालेही हसायला लागले. तोंडातून आवाज न काढता, खांदे हलवत ते हसत. तिने त्यांना चष्मा काढून डोळे पुसताना पाहिलं आणि ती उगाचच स्वयंपाकघरात जाऊन आली.

धाकटा त्याच रविवारी आला. जेवायच्या आधीच म्हणाला, "मला ते बॉनेट बघू दे." दोघे भाऊ शेडमध्ये गाडीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. ती दारात होती.

धाकट्याने वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं, हात फिरवला. "दादा, काम झकास झालंय."

"झालंय ना?"

"वहिनी, खरंच यात काही चुकलंय?"

"गाडीला गोवर आलाय, भाऊजी," ती म्हणाली. "गल्लीतली पोरं मोजून गेली."

धाकटा म्हणाला, राहू दे असंच, दोघांना दिसत नाही तर कशाला त्रास? काटेवाले ऐकेनात. चूक आपल्याला दिसत नाही म्हणून ती तशीच सोडायची, हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. जेवणं झाल्यावर तिघे कामाला लागले. कापसाच्या काडीला थिनर लावून एकेक ठिपका मऊ करायचा आणि पुसून काढायचा. कंपनीचा मूळ रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्याला बेताच्या थिनरने काही होत नाही. काडी जास्त वेळ दाबून मात्र धरायची नाही. एवढं सांगून काटेवाल्यांनी पुसायचं काम भावाला दिलं. पण कोणता ठिपका राहिला ते धाकट्याला दिसेना. तिला बोट ठेवून दाखवावं लागे, "हा, भाऊजी. हा अजून आहे. नाही, तो कवडसा पडलाय उन्हाचा."

हिरवा रंग या वेळी तिने भरला. सुईत दोरा ओवणारा हात, टूथपिकच्या टोकावर थेंब बरोबर तेवढाच यायचा. काटेवाले शेजारी उभे राहून सांगत, "कमी घे. कडेला नको, मध्ये सोड. तो आपोआप पसरतो." ती म्हणाली, "मला शिकवू नका, नाहीतर रंग तुम्हीच निवडा." त्यावर ते दोन पावलं मागे सरकले.

पुढचे थर तिने आठवड्याच्या मधल्या दिवसांत दिले आणि घासणं-पॉलिश त्यांनी केलं. काम झालं तेव्हा दोन हातांवरून बघितलं तर बॉनेट निर्मळ दिसत होतं. जवळ जाऊन तिरप्या उजेडात पाहिलं तर ठिपके कळत होते, आणि एके ठिकाणी थर जरा कमी पडला होता. तो कुठे आहे हे काटेवाल्यांनी डोळे मिटून, बोटाने दाखवलं.

मग मास्तरांचं दार झालं. मास्तर फुकटात काम होतंय म्हणून ओशाळून सारखे बिस्किटं आणून देत होते.

घरात झालेला बदल म्हटलं तर एवढाच. धाकट्याच्या बायकोला आणि मुलांना खरी गोष्ट धाकट्याने सांगायच्या आधी काटेवाल्यांनीच सांगून टाकली. स्वतः त्यांच्या घरी जाऊन, सगळ्यांना एकत्र बसवून. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. धाकटा त्या वेळी उठून पाणी प्यायला गेला.

आणि गाडी चालवताना ते आता तिला विचारत असतात. तो बोर्ड कोणता? त्या बाईची छत्री कोणती? सुरुवातीला ती मन लावून सांगायची. मग कधीतरी कंटाळली. एका दुपारी पडद्यांचे गठ्ठे मागे टाकून चालले होते, त्यांनी एका फाटकाचा रंग विचारला आणि तिने बाहेर न बघताच म्हटलं, "हिरवं."

"ते फाटक?" काटेवाले म्हणाले. "गेल्या बुधवारी तू त्याला तपकिरी म्हणाली होतीस."

तिने काच खाली करून नीट पाहिलं. त्यांनीही गाडी हळू केली. फाटक जुनं होतं, उन्हाने विटलेलं. तिने बराच वेळ पाहिलं, पण तिचंही काही नक्की होईना.

"जरा मागे घ्या," ती म्हणाली, "बघून सांगते."